निपाणी स्टेशनवरचा मळ

मालगाडीला शाम्पूचा वास येत होता.

मी डबा पुन्हा नाकाशी धरला. शाम्पूच. दुसरा उचलला, तोही तसाच. ज्या डब्यांवर अख्खा पावसाळा बसून मी गंज, काजळी, चिखल आणि ऑइलचे ओघळ बसवले होते, ते डबे न्हाऊ घातलेल्या बाळासारखे लख्ख दिसत होते. स्टेशनबाहेरच्या लॉऱ्या धुतलेल्या. लाल बस धुतलेली. उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली धुतलेली, आणि आतला ऊस काढून, धुऊन, पुन्हा रचलेला. इंजिनाच्या काचेवर हळदीकुंकवाचं एकच बोट उठवलं होतं, पण त्यात ड्रायव्हर पुरता झाकला गेला होता. इंजिनासमोर रुळांवर एक लिंबू ठेवलं होतं. ते पाण्याच्या टाकीएवढं दिसत होतं. प्रत्येक डब्यावर झेंडूचं एक फूल होतं आणि त्या भाराने दोन डबे रुळावरून उतरून आडवे झाले होते.

"वैनी," मी आवाज शक्य तेवढा खाली ठेवून विचारलं, "हे कुणी केलं?"

सुनंदावैनी म्हणजे ज्यांच्या घरात हे सगळं मांडलं होतं त्या आप्पांच्या सूनबाई. त्या पदराला हात पुसत समाधानाने हसल्या.

"मीच की. काल खंडेनवमी न्हवं? मोटार धुतली, स्कूटर धुतली, वखारीतला काटा पुजला. मग ह्यांनीच काय पाप केलतं? जुन्या दातघासणीनं घासलंय बघा, एकेक चाक. रूळ तर गंजून गेलतं. चिंच लावून काढलं, मग कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं."

"वैनी, तो गंज मी लावला होता."

"का?"

रेल्वेचे मोठे साहेब जेवणाच्या आधी येणार होते. दसऱ्याची सकाळ होती, आणि मी अजून चहाही घेतला नव्हता.

आता माझा धंदा सांगते. नाहीतर शाम्पूच्या वासाला रडण्यासारखं काय, हे कळायचं नाही.

मी बेळगावात, खासबागेत राहते. पूर्वी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बिल्डिंगांची मॉडेल्स करत होते. तिथे सगळं चकचकीत लागायचं. झाडं हिरवी, रस्ते कोरे, माणसं गोरी आणि सडपातळ. मला त्याचा कंटाळा आला. मग मी मॉडेल रेल्वेच्या कामात शिरले. मॉडेल रेल्वे म्हणजे खेळण्यातली झुकझुक गाडी नव्हे. खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान करायची, आणि ती फोटोत खरी वाटली पाहिजे. त्या मापात लॉरी मुठीत मावते आणि माणूस बोटाच्या पेराएवढा होतो. अशी स्टेशनं, रस्ते, गाड्या मिळून जो देखावा होतो त्याला लेआउट म्हणतात. हौशी लोक पुण्या-बेंगळुरूहून ऑर्डर देतात.

यातलं माझं खास काम वेदरिंगचं. वेदरिंग म्हणजे नव्याला जुनं करणं. कारखान्यातून आलेली छोटी लॉरी कोरी असते आणि म्हणून खोटी दिसते. तिला मळवावं लागतं. आधी पातळ काळपट रंग सांध्यासांध्यांत सोडायचा. मग स्पंजच्या तुकड्याने ठिपके देऊन रंगाचे पोपडे दाखवायचे. चाकांजवळ चिखल, सायलेन्सरजवळ काजळी, दाराच्या हँडलजवळ हातांचा तेलकटपणा. शेवटी खडूसारख्या रंगांची भुकटी ब्रशने बसवायची, ती धूळ. आणि सगळ्यावर बिनचमकेचं वार्निश, म्हणजे मळ हलत नाही. माझी आई सगळ्यांना सांगते, "एवढं शिकवलं, आणि हिनं वस्तू घाण करायचा धंदा काढला." गिऱ्हाईक समोर असलं तरी सांगते.

आप्पांच्या कामात हे शेवटचं वार्निश राहिलं होतं. वार्निशखाली भुकटी गडद होते, आणि आप्पांना मळाचा रंग आधी पास करायचा होता. तोवर दुरुस्ती करता यावी म्हणून मी रंगही पाण्यात विरघळणारे वापरले होते.

काम आलं होतं फोनवरून. फोन गुरुजींचा. ते निवृत्त शिक्षक, आणि निपाणीला रेल्वे यावी म्हणून जी समिती आहे तिचे चिटणीस.

"मॅडम, आम्हाला निपाणी स्टेशनचं मॉडेल पाहिजे."

"होईल की. फोटो पाठवा."

"फोटो नाहीत."

"मग मी येऊन काढते."

"येऊन काय करणार? स्टेशन नाही."

"पाडलं का?"

"बांधलंच नाही, मॅडम. निपाणीला रेल्वे कुठं आहे?"

हे मला माहीत असायला हवं होतं. कोल्हापूरहून बेळगावला रेल्वेने जायचं तर मिरजेचा वळसा पडतो. निपाणी मधल्या मध्ये हायवेवर बसून आहे. लाइन येणार, पाहणी झाली, नकाशा निघाला, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बेळगावात हे कुणी बोललं की ऐकणारा मान डोलावतो आणि पावसाचा विषय काढतो.

मी निपाणीला गेले. आप्पा समितीचे अध्यक्ष. तंबाखूचे व्यापारी, वय ऐंशीच्या पुढे, धोतर-टोपी, आणि कान अगदी तिखट. मला वाटलं, सरकारला दाखवायला प्रपोजल मॉडेल पाहिजे असेल. नवं कोरं स्टेशन, बाग, पार्किंग. मी तशी दोन चित्रं काढून नेली होती. आप्पांनी ती चष्मा वर करून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"पोरी, ह्ये नवं हाय."

"हो, आप्पा. व्हायचंय ना अजून."

"तेच नगं. नवं दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, अजून व्हायचंय. मग त्यो म्हणतो, बघू. मला जुनं पायजे. वापरून वापरून मळल्यालं. पान थुकल्यालं. म्हंजे बघणाऱ्याला वाटंल, ह्ये तर हायच."

मला थट्टा वाटली, पण ते गंभीर होते.

"आजवर लई सायेब आलं," आप्पा म्हणाले. "च्या पिलं, कागद घेतलं. ज्यो आला त्यो 'बघू' म्हणून गेला. माझं वय बघ. मला आता एवढंच पायजे गं, एक तरी सायेब ह्या घरातनं 'बघू' न म्हणता जाऊ दे."

मी काम घेतलं. काम विचित्र होतं हे खरं, पण त्यांनी मागितलं होतं ते नेमकं माझंच कौशल्य होतं. असं गिऱ्हाईक वारंवार भेटत नाही.

मग अडचणी सुरू झाल्या. वेदरिंग करणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारावा लागतो, वस्तू किती जुनी? जी गाडी आलीच नाही तिला किती गंज चढवायचा? मी समितीच्या बैठकीत हे विचारलं. आप्पांनी क्षणभर विचार केला.

"मी चवथीत असताना गाडी सुरू झाली आसं धर."

"मग इमारत दगडी लागेल. कौलारू."

"दगडीच की. आमच्या बा-नं दगड दिल्याला."

गुरुजींनी लगेच हरकत घेतली. दगड त्यांच्या मामांच्या खाणीतला होता, असं त्यांचं म्हणणं. मग मालधक्का कुणाच्या रानात गेला यावर वाद झाला. गुरुजींच्या रानातून लाइन गेली तर त्यांची विहीर जाते, म्हणून ते मालधक्का उत्तरेला ढकलू लागले. उत्तरेला आप्पांचं रान. स्टेशनवरच्या कँटीनची भजी तेलकट असतात की चांगली, यावरही मतं पडली. दोघे संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलेनात. न झालेल्या स्टेशनसाठी न गेलेल्या जमिनीवरून! मी मालधक्का मधोमध टाकला आणि विहीर वाचवली.

दुसरी अडचण मळाची. मालडब्यांचा मळ अभ्यासायला मी लोंढ्याला गेले. जंक्शनवर दोन दिवस बसून फोटो काढले. कुठे गंज धरतो, कुठे ग्रीस गळतं, पावसाचं पाणी कुठून ओघळतं, सगळं टिपून आणलं. पहिले चार डबे करून आप्पांना दाखवायला नेले. त्यांनी एक डबा हातात घेतला, उन्हात धरला, आणि मान हलवली.

"ह्यो मळ आमचा न्हवं."

"म्हणजे?"

"ही तांबडी माती. लोंढा-खानापूरकडची. निपाणीची माती काळी. आन् तंबाखूची धूळ कुठं हाय हिच्यात? तंबाखूच्या गावचं स्टेशन आन् डब्याला तंबाखूचा पत्त्या न्हाय?"

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मळाला गाव असतं. हे मीच नवशिक्यांना शिकवते. चारही डबे पुसून मी पुन्हा केले. यावेळी काळपट करडी धूळ आणि वर तपकिरी रंगाचा हात. आप्पा म्हणाले, आता जवळ आलीस, पण अजून जरा. त्या "अजून जरा"मुळेच वार्निश राहिलं.

लेआउट मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी निपाणीला पोहोचवला. आप्पांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी पडवीत, दोन टेबलं जोडून मांडला. स्टेशन, फलाट, मालधक्का, बाहेर लॉऱ्यांची रांग. एक डिझेल इंजिन आणि मालगाडी वळसा घालून फिरायची. साहेब दसऱ्याला कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जाणार होते आणि वाटेत चहाला थांबणार होते. मी बेळगावला परतले आणि दसऱ्याच्या सकाळी गाडी चालवून दाखवायला येते म्हणून सांगितलं. आमच्या घरी खंडेनवमी पाळत नाहीत. दसऱ्याला आम्ही विहारात जातो. खंडेनवमीला रस्तोरस्ती गाड्या धुतात हे मला माहीत आहे, खासबागेत त्या दिवशी गल्लीभर साबणाचे ओहोळ वाहतात. पण सत्त्याऐंशी पट लहान गाडीलाही हा नियम लागू होतो, हे डोक्यात आलं नाही. वैनींना मात्र त्यात शंकाच नव्हती. गाडी ती गाडी.

तर ती सकाळ. मी खुर्चीवर बसले. आप्पा आतून आले. त्यांनी लेआउट पाहिला आणि ते दारातच थांबले.

"नवं झालं," ते म्हणाले. रागावले नाहीत. सुनेला एक शब्दही बोलले नाहीत. नुसते खांबाला टेकले, आणि त्यांचा चेहरा इतका उतरला की वैनीच घाबरल्या.

"मामंजी, मला कुणी सांगितलं न्हाय हो. घाण गाडी सणाला कशी ठिवायची?"

"तुझं काय चुकलं न्हाय. बरोबर केलंस," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हुईल काय गं परत?"

माझ्या बॅगेत फक्त टच-अपचं सामान होतं. तीन ब्रश, थोडा काळा रंग, स्पंज. भुकटीच्या डब्या बेळगावात. गंजाचा रंग बेळगावात. सगळी दुकानं सणामुळे बंद.

"रंग करीन. धूळ कुठून आणू?"

आप्पा खांब सोडून ताठ झाले. "धूळ पायजे व्हय? मग आसं सांग की. चल वखारीत."

वखार म्हणजे त्यांचं तंबाखूचं गोदाम, घराला लागूनच. आत तुळयांवर, खिडक्यांच्या चौकटींवर, कुलपावर सुद्धा वर्षानुवर्षांची तंबाखूची धूळ बसलेली. बारीक, मऊ, तपकिरी करडी. जी छटा मी पावसाळाभर शोधत होते ती तिथे खिडकीत पडली होती. मी चहाच्या गाळणीने वाटीभर गाळून घेतली. मला मास्क लावूनही पाच-सहा शिंका आल्या. आप्पांना एकही आली नाही. ते म्हणाले, आमची नाकं मेली आता.

सोप्यात येऊन कामाला लागले. वैनींना पश्चात्ताप झाला होता, त्यामुळे त्याही बसल्या. ज्या हातांनी काल घासलं त्याच हातांनी त्या आज मळवू लागल्या. आणि खरं सांगते, बाईंचा हात उत्तम होता. कुठे मळ साचतो हे त्यांना घासल्यामुळे पाठ झालं होतं. "इथं लई घट्ट बसलंतं," म्हणत त्या बरोबर तिथेच बोट टेकवायच्या. लॉऱ्या झाल्या. डबे झाले. फलाटावर, कौलांवर, झाडांवर मी धूळ चाळली. ती चिकटवायला पांढरा गोंद पातळ करून फवारायला हवा होता, पण तो वाळायला वेळ नव्हता. धूळ तशीच सुट्टी राहिली.

इंजिनाला हात लावायला गेले तर वैनींनी माझं मनगट धरलं.

"ह्येला न्हाय. इंजिन पुजलंय. पुजल्यालं आज पुसायचं न्हाय."

"अहो, ड्रायव्हर दिसत नाही."

"नसंना का दिसंना. त्यो आत हाय की."

आप्पांनी सुनेची बाजू घेतली. इंजिन कुंकू-हळदीसकट तसंच राहिलं. फक्त लिंबू आणि डब्यांवरची फुलं हलवायला परवानगी मिळाली, कारण त्यांनी गाडी अडत होती. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वैनींनी चिंच लावून घासल्यापासून मालगाडी जी धावली तशी ती माझ्या वर्कशॉपमध्ये कधीच धावली नव्हती. मॉडेल रेल्वेला वीज रुळांतून मिळते. रूळ स्वच्छ तर करंट चांगला. काळ्या रंगात धूळ कालवून त्यांच्या कडांना गंज परत चढवताना मी माथे तेवढे सोडले.

साहेब आले. मोटारीत त्यांच्या पत्नी बसून राहिल्या, देवळात गर्दी वाढते म्हणून. साहेब उंच, मध्यमवयीन, घाईत. बोलताना कळलं की बालपण लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, त्यामुळे मराठी चांगली. गुरुजींनी हार घातला. आप्पांनी खुर्ची दिली. साहेबांनी खुर्ची घेतली नाही. गुरुजींनी भाषण सुरू केलं. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी बटण दाबलं, मालगाडी निघाली.

"अरे वा. मॉडेल केलंय," साहेब उभ्याउभ्या म्हणाले. मग हात मागे बांधून, अंगवळणी पडलेल्या सुरात, "चांगला प्रयत्न आहे. तुमची मागणी आमच्यापर्यंत आहेच. हां, ब..."

आप्पांनी डोळे मिटले.

पण 'बघू' म्हणता म्हणता साहेबांना मालधक्क्यावर काहीतरी दिसलं असावं. ते वाकले. चष्मा काढला, आणखी वाकले. नाक फलाटापासून वीतभर अंतरावर आलं आणि ते शिंकले.

साधी शिंक नव्हती ती. स्टेशनावरची सगळी धूळ एकदम उठली. कौलांवरून, झाडांवरून, लॉऱ्यांवरून वावटळ फिरली. फलाटावरचे दोन हमाल पडले. रांगेतली रिक्षा उलटली. धूळ उठली ती थेट साहेबांच्या नाकात, म्हणून दुसरी शिंक. गुरुजी माझ्या कानात म्हणाले, "दोन झाल्या, आता हरकत नाही." लगेच तिसरी आली आणि गुरुजी गप्प बसले.

साहेबांनी रुमालाने डोळे पुसले. डोळे लाल झाले होते. लोंढ्याच्या क्वार्टर्समधला माणूस, आयुष्यभर स्टेशनं तपासत आलेला. त्यांनी समोर पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांच्या हाताबाहेरचं होतं असं मला आजही वाटतं.

"ही काय घाण आहे? फलाट झाडत नाहीत का इथं?"

गुरुजींनी भाषणाचा कागद खिशात घातला.

"स्टेशनमास्तर कोण आहे?"

गुरुजी पुढे झाले. जन्मभर इन्स्पेक्टरना तोंड दिलेला माणूस. त्यांनी बोट दाखवलं. "तो काय, साहेब. ऑफिसच्या दारात उभा आहे."

"काय करतोय तो?"

"हिरवं निशाण दाखवतोय," मी म्हणाले.

"सिग्नल लाल असताना?"

माझा चेहरा उतरला. सिग्नलची वायर मी जोडली नव्हती, तो लालच राहायचा. ही चूक माझी होती आणि ती कुणाच्याही लक्षात आली नव्हती.

"आणि ही लॉरी कुणाची? मालधक्क्याचा रस्ता अडवून लावलीय. आग लागली तर बंब कुठून जाणार?"

"माझी हाय, सायेब," आप्पा म्हणाले. ते अटेन्शनमध्ये उभे होते.

"हलवा."

आप्पा पुढे आले. दोन बोटांनी लॉरी उचलून त्यांनी बाजूला, कँटीनच्या भिंतीला लागून ठेवली.

"तिथं नको. तिथं पाण्याचा नळ आहे." साहेब थांबले, शोधू लागले. "नळ कुठाय? पिण्याच्या पाण्याची सोय नाही?"

"करतो, साहेब," गुरुजी म्हणाले.

"इंजिनाची पूजा केलीय ते चांगलं केलंय. इंजिनाच्या शेडचं काम व्यवस्थित दिसतं. पण बाकी हे चालणार नाही." बाहेर हॉर्न वाजला. साहेबांनी चौथी शिंक दिली. "पुढच्या वेळी येईन तेव्हा हे स्टेशन मला स्वच्छ दिसलं पाहिजे."

आणि चहा न घेता, रुमाल नाकाला लावून ते निघून गेले. कागल येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं असणार. बायकोला सांगितलं असेल का, कुणास ठाऊक.

मालगाडी फिरतच होती, ती बंद करायचं मला सुचलं नाही. आप्पा खुर्चीवर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तंबाखू गेली डोळ्यात," गुरुजी म्हणाले.

"माझ्या डोळ्यात कशाला जाईल तंबाखू? जल्म गेला तिच्यात." आप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. "गुरुजी, ऐकलं न्हवं तुमी? बघू म्हणाला न्हाय. स्टेशन घाण हाय म्हणाला. हाय, म्हणाला. आजवर कुणी 'हाय' म्हणालंतं काय? परत येतो म्हणाला. नळ न्हाय म्हणून रागावला."

"रागावला तर खरंच," गुरुजी म्हणाले.

मला हसू फुटायला हवं होतं. फुटलं नाही. मी खूप कामं केली, लोकांनी फोटो काढून खूप कौतुकं केली. पण माझ्या कामावर कुणी असा मनापासून चिडला नव्हता. मला फार आनंद झाला, आणि त्या म्हाताऱ्यासाठी तेवढंच वाईटही वाटलं.

वैनी पडलेले हमाल उभे करत होत्या. "मग आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. "धुवायचं का न्हाय धुवायचं?"

यावर समितीची बैठक झाली. मी तिला नव्हते. दिवाळीच्या सुमारास गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, स्टेशनमास्तर बदलून पाहिजे."

"मोडला का?"

"नाही. बदली झाली."

"कुणाची?"

"त्याचीच. वरून तक्रार आली होती ना. कारवाई झालेली दिसायला हवी. आप्पा म्हणतात, सस्पेंड नको, पोराबाळांचा असेल. लोंढ्याला पाठवा. नवा जरा तरुण करा. आणि दोन झाडूवाल्या, एक पाण्याचा नळ, सिग्नल हिरवा होणारा."

मी सगळं केलं. नव्या मास्तरला इस्त्रीचा पांढरा शर्ट दिला. फलाट झाडल्यासारखा केला, म्हणजे मधला भाग स्वच्छ आणि कडेला केराची रेघ, कारण खरे झाडणारे तसंच झाडतात. गुरुजींनी नळाच्या जागेवरून एकदा हरकत घेतली, त्यांच्या विहिरीचं पाणी आटेल म्हणून. मग नळ पलीकडे घेतला.

रेल्वे आलेली नाही. साहेबही परत आलेले नाहीत. पण आप्पा रोज सकाळी चहा घेऊन त्या टेबलाजवळ बसतात आणि काय वर-खाली झालं असेल तर मला कळवतात. मध्यंतरी एका लॉरीचा टायर पंक्चर करून मागितला. रोज उभ्या गाडीला असं कधी ना कधी व्हायचंच, म्हणाले. मी निपाणीला वर्षातून दोनदा मेंटेनन्सला जाते. एरवी असा करार लोक लिफ्टच्या देखभालीसाठी करतात.

या कामातून मी शिकले ते धंद्यापुरतंच. मळ गिऱ्हाइकाच्या गावचाच वापरावा, दुसऱ्या गावचा त्याला आपला वाटत नाही. वार्निश मारायला गिऱ्हाइकाच्या होकाराची वाट बघू नये. आणि जे मुळात नाही ते एकदा नीट मळवून दिलं, की पुढे जन्मभर त्याची साफसफाई आपल्याच गळ्यात पडते.